श्रीखंडाच्या डब्यातलं मूत्रपिंड

बाई, मध्यंतरी माझ्याकडे एक मूत्रपिंड श्रीखंडाच्या डब्यातून आलं. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर केशर-पिस्त्याचं चित्र, आणि आत लालसर पाण्यात पडलेला काळपट, बुळबुळीत गोळा. झाकण उघडलं तसा वास असा अंगावर आला की पोटातलं घशाशी आलं. इतकी वर्षं हेच करते आहे, तरी. लोकांना वाटतं या धंद्यात नाक मरून जातं. माझं नाही मेलं. सडलेल्या मांसाचा वास वेगळा, लघवीचा वेगळा, आणि हे दोन्ही एकत्र झाले की जो होतो तो वेगळाच. त्यात त्या डब्याच्या प्लॅस्टिकला धरून राहिलेला वेलदोड्याचा वास. शी! त्या दिवसापासून मी श्रीखंड तोंडात घेऊ शकलेली नाही, आणि पुढे घेईन असं वाटत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरंच झालं, साखर कमी जाईल पोटात.

तुम्ही गेलात तेव्हा या शहराचं नावही जुनंच होतं. त्यामुळे आधी सांगते की मी आता काय करते. बीड बायपासला माझी छोटी लॅब आहे. गावोगावचे जनावरांचे डॉक्टर मेलेल्या जनावरांचे तुकडे पाठवतात. मी ते मेणात बसवते, पापुद्र्याएवढे पातळ कापते, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून कारण लिहिते. म्हणजे तुम्ही शिकवलं तेच. पिशोरला आई मरेपर्यंत विचारायची, 'एवढं शिकून कुत्र्याच्या मुताचं काय बघती गं?' दुरून बघितलं तर काम तेच आहे.

डबा घेऊन आलेले गृहस्थ एका मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष. इस्त्रीचा शर्ट, अंगाला सेंटचा घमघमाट. डबा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी बोटं रुमालाने एकेक करून पुसली आणि तो रुमाल तसाच घडी घालून खिशात ठेवला. आत काय आहे ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, हे ठेवलं कुठे होतं. म्हणाले, सोसायटीच्या हॉलमधल्या फ्रिजमध्ये. त्या फ्रिजमध्ये आणखी काय असतं, तर मीटिंगसाठी थंड पाण्याच्या बाटल्या. अवयव टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये का नाही ठेवलं, तर ते काय असतं म्हणाले. पाच दिवस तो गोळा पाण्याच्या बाटल्यांना टेकून बसला होता आणि लोक त्या बाटल्यांतून पाणी पीत होते, हे कळल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

प्रकरण असं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचा पांढरा पॉमेरियन कुत्रा मेला. आदल्या संध्याकाळी तो जिन्याखाली गेला होता, आणि कॅमेऱ्यात दिसत होतं की वॉचमनने त्याच्यापुढे एक वाडगं ठेवलं आणि कुत्र्याने ते चाटूनपुसून साफ केलं. सकाळी कुत्रा गार. त्याआधी काही महिने तो जिन्यात, लिफ्टमध्ये, कुठेही मुतत होता आणि ते पुसायचं काम वॉचमनचं. एकदा चारचौघांत तो म्हणाला होता, याला एक दिवस संपवतो. झालं, एवढ्यावर न्याय लागला. त्यांनी कुत्रा एका डॉक्टरकडून उघडून घेतला, बाकी सगळं पुरून टाकलं, एक मूत्रपिंड कुठल्याशा लॅबला पाठवलं आणि तिथून कागद आला की मूत्रपिंडाच्या नळ्यांत चरबीचे थेंब आहेत, विषबाधेची शक्यता. आता दुसरं मूत्रपिंड माझ्याकडे. मी 'होय' म्हटलं की पोलिसांत तक्रार जाणार. वॉचमन पाचोडचा, बायको आणि दोन मुलं घेऊन पंपाच्या शेजारच्या खोलीत राहतो. महिनाअखेर खोली खाली कर असं त्याला आधीच सांगून झालं होतं. 'तसं आम्हाला सगळं माहीतच आहे मॅडम, फक्त तुमचा शिक्का हवा,' असं अध्यक्ष म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. डब्यापेक्षा मला त्या वाक्याची जास्त मळमळ आली.

ते गेल्यावर मी सुरी घेतली, आणि बाई, हात आपोआप ओढणीकडे गेला. मग कॉलेजातला तो पहिला दिवस आठवला. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत तरी फॉर्मालिनने डोळे चुरचुरताहेत. ट्रेमध्ये कुत्र्याचं मूत्रपिंड आहे. मी ओढणी नाकाला लावून, मान भिंतीकडे वळवून, अंदाजाने सुरी चालवते आहे, आणि शेजारच्या मुलाला हसू आवरत नाहीये. तुम्ही मागून येता. पांढऱ्या कोटाखाली तीच सुती साडी, केसांत गुलमंडीवरून येताना घेतलेली चार शेवंतीची फुलं. पुजाऱ्याच्या घरातली सून आणि हातात कुत्र्याचं मूत्रपिंड, हे बघून आम्हालाच अवघडायला व्हायचं. तुम्ही माझी ओढणी नाकावरून काढता, हनुवटीला धरून माझं तोंड ट्रेकडे वळवता आणि म्हणता, "अगं, किळस येऊ दे की. मान कशाला वळवतेस?" रागावून नाही म्हणालात. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. पण वर्गासमोर कुणी माझ्या हनुवटीला हात लावल्याचा मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही मला आवडायला पुढे बराच काळ गेला.

तर मी मान वळवली नाही. तुम्ही शिकवलेल्या क्रमाने गेले. निरोगी कुत्र्याचं मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यासारखं, तपकिरी, गुळगुळीत. वरचं पातळ आवरण चिमटीत धरून ओढलं की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं अलगद सुटून येतं. हे सुटेना. ओढलं की आवरणाबरोबर आतल्या मांसाचे तुकडे निघायचे. पृष्ठभाग करपलेल्या भाकरीसारखा खडबडीत, मध्येमध्ये खड्डे. उभं कापलं तेव्हा सुरी करकरली. बाहेरची तांबूस साल जाड असायला हवी, ती बारीक पट्टी होऊन राहिली होती. आतला फिकट गाभा मात्र कुत्र्याचाच: माणसात असतात तशी वेगवेगळी टोकं नाहीत, सगळी मिसळून झालेला एकच लांबट कंगोरा. तो तेवढा शाबूत होता. हातमोज्यांतून बोटांना तो करकरीतपणा लागत होता आणि मला एकीकडे ओकारी येत होती आणि दुसरीकडे कळत होतं की हे एका वाडग्याचं काम नाही. एका रात्रीत मूत्रपिंड असं आकसत नाही. त्याला महिने लागतात, कधी वर्षं लागतात.

मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच तयार केली. सडलेल्या अवयवाची काच बघणं म्हणजे पुरात बुडालेल्या घरात सामान शोधणं. नळ्यांच्या पेशी बहुतेक ठिकाणी विरघळून नुसता गुलाबी चिखल झाला होता. पण तुम्ही सांगायचात की पेशी सडतात, व्रण इतक्या लवकर सडत नाही. तसंच होतं. निरोगी सालीत रक्तवाहिन्यांचे गोल गुच्छ असतात, प्रत्येक आपापल्या पेल्यात बसलेला. इथे निम्म्याहून जास्त गुच्छांच्या जागी नुसत्या गुलाबी, निर्जीव गाठी. नळ्यांच्या मधल्या जागेत व्रणाचे दोरेच दोरे. कुत्रा कधीपासूनचा आजारी होता. घरातल्या कुणाला पत्ता नव्हता.

आणि त्या दुसऱ्या लॅबचे ते चरबीचे थेंब? होते ना. मेणात बसवताना चरबी विरघळून जाते आणि मागे पांढरे गोल बुडबुडे उरतात. ते होते, सालीत शिरलेल्या किरणांसारख्या फिकट पट्ट्यांत, जिथे नळ्या सरळ होऊन गाभ्याकडे उतरतात, बरोब्बर तिथे. मी हसले, बाई. एकटीच, त्या घाणीत बसून. कारण परीक्षेच्या आधी मीसुद्धा हेच थेंब बघून वहीत 'चरबीचा रोग, विषबाधा' लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, निरोगी कुत्र्याला आजारी पाडलंस, आता मालकाला काय सांगशील. कुत्रा तिथे चरबी बाळगतोच. मांजर दुसऱ्या जागी बाळगतं. कुणाच्या घरात तेलाचा डबा कुठे ठेवतात ते माहीत नसेल तर फडताळात डबा दिसल्यावर लोक चोरीचा म्हणून ओरडतात, तसं ते. पास झाल्यावर तुम्ही मला एक लाकडी पेटी दिलीत. मला वाटलं होतं पेन असेल, नाहीतर साडीचा पीस. आत एकच काच: धडधाकट कुत्र्याच्या मूत्रपिंडाची. आजार ओळखायचा तर आधी बरं असलेलं पाठ कर, असं म्हणालात. तेव्हा माझा चांगलाच हिरमोड झाला होता. घरी आईला दाखवली तर ती म्हणाली, ही कसली भेट, देव्हाऱ्याच्या जवळ आणू नको. ती काच रंग विटून आता फिकी पडली आहे, पण मी ती शेजारी लावून पाहिली. तेच बुडबुडे, त्याच जागी.

एवढ्यावर मी लिहून मोकळी झाले असते. पण नुसतं मूत्रपिंड बघून बोलू नये, ते प्राण्याच्या अंगात असताना काय करत होतं ते विचारावं, हाही तुमचाच नेम. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या सोसायटीत गेले. जाताना मला सारखी तुमची गच्ची आठवत होती. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी पिशोरला जायच्या आधी तुमच्याकडे उतरले आहे आणि तुम्ही कुरडयांचा घाट घातला आहे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा आंबूस, कुबट वास जिन्यापर्यंत आला आहे. तुम्ही पदर खोचून, तोंड थेट पातेल्यावर घेऊन, फडक्यातून चीक पिळताय, आणि तुमचा चेहरा पांढरा पडला आहे. मी विचारते, बरं वाटत नाही का? तुम्ही म्हणता, लग्न होऊन आल्यापासून या वासाने मला भडभडून येतं, कुत्र्याच्या मूत्रपिंडाने नाही येत एवढं, पण घरात सगळ्यांना कुरडया आवडतात. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! मला वाटायचं तुम्हाला किळस हा प्रकारच माहीत नाही.

मग पिळता पिळता तुमचा वर्ग सुरू झाला. या फडक्यात चोथा वर राहतो आणि दूध खाली जातं, हे सरळ काम. मूत्रपिंडाचं काम दिवाळीच्या साफसफाईसारखं. आधी अख्खं कपाट अंगणात रिकामं करायचं, मग त्यातलं हवं तेवढं परत आत न्यायचं. गुच्छातून पाणी, मीठ, साखर सगळं गाळून खाली टाकायचं, आणि नळीभर फिरताना कामाचं तेवढं उचलून घ्यायचं. कुत्र्याच्या नळ्या लांब, पार गाभ्यात उतरून वळसा घेऊन वर येणाऱ्या, म्हणून तो पाण्याचा थेंब न् थेंब वाचवू शकतो. आपल्या मराठवाड्यासाठीच केलेला अवयव, असं म्हणून तुम्ही हसलात. आणि मग हात थांबवून म्हणालात, "आजारी पडला की ही ताकद जाते. लोकांना वाटतं, फार पितो म्हणून फार मुततो. उलटं असतं गं. फार मुततो म्हणून फार पितो. त्याचं पाणी कधी तोडू नये." मी मान डोलावली आणि चिकाच्या पातेल्यापासून चार पावलं लांब सरकले. मला तो वास अजूनही सहन होत नाही, तुमच्यासारखं तोंड पातेल्यावर धरणं तर दूरच.

तिसऱ्या मजल्यावर मला सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, चहा आणला. माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हालाही माझ्याइतकाच त्रास होईल. काका निवृत्त झालेले, ताई माझ्याहून थोड्या मोठ्या, मुलं परदेशात. कुत्र्याला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. शोकेसवर त्याचा मोठा फोटो, फोटोला हार, उदबत्ती, आणि पुढ्यात त्याची स्टीलची वाटी, पाण्याने काठोकाठ भरलेली. दहा दिवस पाणी ठेवायचं असं ताईंनी ठरवलं होतं, माणसासाठी ठेवतात तसं. मी विचारलं, तो पाणी जास्त प्यायला लागला होता का. ताई लगेच म्हणाल्या, हो ना, भांडंभर प्यायचा, आणि मग घरभर करायचा. सोफा, गाद्या, देवघराची पायरीसुद्धा. नळाला पाणी कधी येतं तुम्हाला ठाऊकच आहे, बाकी सगळा टँकर. फरशा तरी किती धुवायच्या? म्हणून मग संध्याकाळी वाटी उचलून ठेवायला लागलो. सवय लागावी म्हणून. नंतर दुपारीही उचलायला लागलो. हे सगळं त्या अगदी मोकळेपणाने सांगत होत्या, लहान मुलाला शिस्त कशी लावली ते सांगावं तसं. शेवटी शेवटी तो दाराला पंजे मारायचा, बाथरूमची ओली फरशी चाटायचा, म्हणून बाथरूमचं दारही लावून घ्यायचो. काका म्हणाले, हट्टी झाला होता म्हातारपणी.

बाई, हातातल्या चहावर साय धरली होती. चहा चांगला होता, आलं घातलेला. पण समोर ती भरलेली वाटी होती. जिवंत होता तेव्हा रिकामी, आणि आता काठोकाठ. मी कप खाली ठेवला. सडलेल्या मूत्रपिंडासमोर बसून मला जे झालं नव्हतं ते त्या स्वच्छ, फिनाइलने पुसलेल्या, उदबत्तीच्या वासाच्या खोलीत झालं. मला उठून जावंसं वाटलं. ओल्या फरशीवर फिरणारी ती जीभ डोळ्यांपुढून हलेना.

खाली येऊन मी वॉचमनला शोधलं. पंपाच्या खोलीबाहेर त्याची बायको सामान बांधत होती. पितळी हंडा उलटा घालून त्यावर मुलगी बसली होती. मी पोलिसांची आहे असं त्याला वाटलं. मी सांगितलं की मी जनावरांची डॉक्टर आहे, वाडग्यात काय होतं तेवढं सांग. तेव्हा खाली बघत म्हणाला, "खोटं कशाला बोलू मॅडम, लाथ बी घातली व्हती मी त्याला. रोज तीच फरशी, रोज तोच वास. कावलो व्हतो. संपवतो म्हनलं व्हतं, व्हय. पर येऊन दाराशी कुईकुई करायचं, पोरं झोपंना. पाणी ठेवलं की गप व्हायचं. रोजच ठेवायचो. त्या दिवशी बी पाणीच व्हतं." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी समजून घ्यायचं म्हणून, त्याने विचारलं, "पाण्याला बी इख म्हणत्यात व्हय, मॅडम?"

तो काही संत नव्हता. कुत्र्याचा त्याला मनापासून वीट आला होता, आणि त्याने पाणी दिलं ते झोप मिळावी म्हणून. पण त्या सबंध इमारतीत त्या जनावराला पाणी देणारा तेवढा एकच माणूस होता, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच धरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरही नव्हता आणि संन्यासीही नव्हता. फक्त कुणी कधी त्या कुत्र्याच्या मुताकडे नीट पाहिलं नव्हतं. ते पाण्यासारखं पांढरं, फिक्या वासाचं होत गेलं असणार. पुसणाऱ्याला रोजच्या रागात ते कळलं नसेल, आणि बाकीचे नाक धरून लिफ्टमध्ये शिरत होते.

मी परत वर गेले. अध्यक्षांनाही बोलावून घेतलं आणि तिघांसमोर सांगितलं. विष नाही. चरबीचे थेंब प्रत्येक कुत्र्यात असतात. मूत्रपिंड फार दिवसांपासून निकामी होत होतं, म्हणून तो मुतत होता, म्हणून पीत होता. ताईंनी विचारलं की मग एकदम कसा गेला. इथे मला मान वळवता आली असती. आजारच तसा होता, असं म्हणून उठता आलं असतं, आणि तेही काही अगदी खोटं झालं नसतं. मी म्हटलं, "ताई, वाटी उचलली नसती तर आणखी काही महिने काढले असते त्याने." त्यांनी फोटोकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि उदबत्तीची राख बोटाने गोळा करायला लागल्या. रडल्या नाहीत. काका म्हणाले, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. अध्यक्ष मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले की विष नाही एवढं लिहा, पाण्याचं रिपोर्टात घेऊ नका, बिचाऱ्यांना आधीच दुःख झालंय. वॉचमनच्या दुःखाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी दोन्ही लिहिलं: विषाची खूण नाही, आणि मालकांनी सांगितल्याप्रमाणे पाणी तोडलं होतं. खाली शिक्का मारला. हवा होता ना त्यांना.

वॉचमन राहिला. हंडा परत आत गेला. त्याची माफी कुणी मागितली नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती. खोली राहिली हेच त्याला खूप झालं. एवढं सांगून पत्र संपवलं असतं तर तुम्ही खूश झाला असतात. शाबासकी द्यायची तुमची पद्धत मला आठवते: एकदा चष्मा काढायचा, पुसायचा आणि पुढच्या मुलीकडे जायचं.

पण अध्यक्षांना रिपोर्टची आणखी एक प्रत हवी होती म्हणून मागच्या आठवड्यात मी पुन्हा तिथे गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गेटवर नवी पाटी लागली आहे: आवारात कोणत्याही प्राण्यास अन्न अथवा पाणी ठेवू नये. सगळ्या प्रकरणातून त्या सोसायटीने काढलेलं सार ते एवढंच. पाटीखालच्या बोटभर सावलीत एक भटकी कुत्री पडली होती, नुकतीच व्यालेली, सड लोंबणारे, जीभ मातीला टेकलेली. अंगावर गोचिडांच्या माळा, एका कानात जखम, त्यावर माशा. बघवत नव्हतं. वॉचमन खुर्चीवर बसून दुसरीकडे बघत होता. ते वाडगं पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर पालथं पडलं होतं. मी नुसतं त्या कुत्रीकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो न विचारताच म्हणाला, "आता नाय ठेवत, मॅडम." त्यात राग नव्हता. त्याच्यापुरता विषय मिटला होता.

हे पत्र कुठे टाकणार? गुलमंडीवरच्या तुमच्या घराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. गच्ची होती तिथे जाहिरातीचा फलक लागला आहे. लिहिलेलं मी तुमच्या त्या लाकडी पेटीत घालून ठेवणार, काचेच्या खाली. फक्त एक राहिलं. बाई, त्या दिवशी माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. मी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि गाडीत जाऊन बसले.